मर्गट्रॉइड : एका खोऱ्यातलं आडनाव

कॅल्डरकाठी
नमस्कार मंडळी. आम्ही वेस्ट यॉर्कशायरमध्ये, हॅलिफॅक्सजवळ राहतो. इथे आल्यापासून एका आडनावानं माझी पाठ सोडलेली नाही. मर्गट्रॉइड. दुकानाच्या पाटीवर, चर्चच्या आवारातल्या थडग्यांवर, मुलाच्या शाळेतल्या यादीत, सगळीकडे. आधी लंडनला होतो, तेव्हा हे नाव कधी कानावरूनही गेलं नव्हतं.

वाचनालयात बसून थोडी शोधाशोध केली. नावाचे तीन तुकडे पडतात. 'मूर' म्हणजे डोंगरमाथ्यावरचा ओसाड माळ. 'गेट' म्हणजे फाटक नव्हे. उत्तर इंग्लंडमध्ये व्हायकिंग लोकांच्या भाषेतून आलेला हा शब्द रस्त्याला वापरतात. 'रॉइड' म्हणजे जंगल तोडून मोकळी केलेली जमीन, आणि हा उच्चार खास या भागातला. थोडक्यात, माळाकडे जाणाऱ्या वाटेवरची तोडलेली जमीन. हॅलिफॅक्सच्या पश्चिमेला वॉर्ली म्हणून भाग आहे, तिथली ही जागा. 1371 मध्ये वॉर्लीचा कॉन्स्टेबल, म्हणजे तिथला शांतता राखणारा अधिकारी, नेमला गेला, त्याचं नाव नोंदलंय जॉन डी मॉर्गेटरॉइड. तिथून आजपर्यंत साडेसहाशे वर्षं हे नाव याच डोंगरउतारांवर चिकटून आहे.

प्रश्न असा की एखादं आडनाव इतकं एका जागी का राहतं? आणि माझं मत विचाराल तर हे सगळे मर्गट्रॉइड मुळात एकाच घरातले असावेत. आपल्या '-कर' आडनावांसारखंच हे आहे की वेगळं? जाणकारांनी लिहावं.

तिरफळ
मर्गट्रॉइड वाचल्यावर आधी आमचे मुरगूडकरच आठवले. कागल तालुक्यातून थेट यॉर्कशायर! बाकी विषय झकास. वाचतोय, येऊ द्या.

सातबारा
विषय आवडला, पण 'एकाच घरातले' हे इतक्या सहज पटत नाही. आपल्याकडचंच बघा. एखाद्या गावाचं नाव लावून '-कर' झालेले लोक कोण कोण असतात? त्या गावचा कुलकर्णी, त्या गावचा सोनार, शिंपी, मराठा, गुरव. गाव सोडून सगळे वेगवेगळ्या दिशांना गेले आणि नव्या ठिकाणी लोकांनी त्यांना गावाच्या नावानं ओळखलं. आडनाव एक, रक्ताचं नातं शून्य. सोयरीक जमवताना आपण आडनावावर थांबत नाही, कुळ, गोत्र, देवक विचारतो, ते याचसाठी. मग इंग्लंडमध्ये गावावरून आलेलं आडनाव म्हणजे एकच कुटुंब, हे कशावरून?

वंशवेल
सातबारा, मुद्दा बिनतोड आहे आणि इंग्लंडमधल्या बऱ्याच आडनावांना तो लागूही पडतो. पण मर्गट्रॉइडची गोष्ट वेगळी, कारण ते गावाचं नाव नाही. ते एका शेतवस्तीचं नाव आहे.

जरा सविस्तर लिहितो. मी इथल्या हौशी वंशावळकारांबरोबर काम करतो, त्यामुळे हे कागद रोज हाताखालून जातात.

मध्य इंग्लंडमध्ये, म्हणजे लेस्टर, नॉर्थॅम्प्टन या सपाट भागात, लोक आपल्या देशावरच्या गावठाणासारखे एकत्र राहत. चर्चभोवती घरं, बाहेर सामाईक शेती. गावात चार जॉन असले तर त्यांना गावाच्या नावानं ओळखून उपयोग काय? मग बापाच्या नावावरून, धंद्यावरून, रंगरूपावरून नावं पडली. हॅलिफॅक्सचा परगणा तसा नाही. अवाढव्य पॅरिश (एका चर्चच्या हाताखालचा इलाखा), डोंगराळ मुलूख आणि सुट्या सुट्या वस्त्या. बाराव्या ते चौदाव्या शतकात लोकांनी जंगल तोडून एकेक तुकडा कसायला घेतला. त्या तुकड्याला नाव पडलं आणि तिथे राहणाऱ्या माणसाला तेच नाव चिकटलं. माणूस वस्ती सोडून गेला म्हणून नव्हे, तो तिथेच राहतो म्हणून. आपल्या '-कर'च्या नेमकं उलट.

वस्तीवर घर एकच असलं की नाव लावणारं कुटुंबही बहुधा एकच. अ‍ॅक्रॉइड, होलरॉइड, लीरॉइड, बूथरॉइड ही सगळी याच पट्ट्यातली. 1992 ते 2000 या काळात ब्रिटिश संसदेच्या सभापती राहिलेल्या बेटी बूथरॉइड जवळच्याच ड्यूजबरीच्या. त्या पदावरच्या पहिल्या स्त्री.

आणि हे नुसतं अंदाजानं म्हणत नाही. हा भाग वेकफील्डच्या जहागिरीत मोडायचा. त्या जहागिरीच्या न्यायसभेच्या नोंदींच्या गुंडाळ्या 1274 पासून 1925 पर्यंतच्या आहेत आणि आज लीड्स विद्यापीठात जपलेल्या आहेत. कुणी कुणाची गुरं अडवली, कुणी परवानगीशिवाय लाकूड तोडलं, कुणाची जमीन मुलाच्या नावे झाली, सगळं त्यात. एकाच वस्तीवर बाप, मग मुलगा, मग नातू असा माग काढता येतो. आधी 'डी अमुक', म्हणजे अमुक ठिकाणचा; पुढे तो 'डी' गळतो आणि उरतं ते आडनाव.

सातबारा
गुरं अडवल्याच्या नोंदी म्हणजे आमच्या जिव्हाळ्याचा विषय. :) पण शंका उरतेच. वस्तीवर गडीमाणसं असतील, घरजावई असतील, जमीन विकत घेऊन नवे लोक आले असतील. नाव जागेचं आहे, तर जागा ज्याच्या ताब्यात गेली तो ते नाव लावणार नाही का?

वंशवेल
सुरुवातीच्या काळात असं होत होतंच. उत्तरेत आडनावं स्थिर व्हायला पंधरावं शतक उजाडलं, दक्षिणेत ती त्याआधीच पक्की होत गेली. या मधल्या काळात जागा बदलली की नाव बदललं, अशी उदाहरणं मिळतात. पण 1348-49 ची प्लेगची साथ मध्ये आली. देशातली माणसं इतकी मेली की कित्येक कोवळी आडनावं तिथेच संपली. ज्या नावाचं एखादंच घर तगलं, त्याचे पुढचे सगळे वारस त्या घरातले. म्हणून दोन शक्यता नीट वेगळ्या ठेवायला हव्यात : नाव एका घरापासून सुरू होणं आणि नाव एका घरापुरतं उरणं. सातशे वर्षांनी बघणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसतं.

कॅल्डरकाठी
वंशवेल, अगदी हेच वाचायचं होतं. मनापासून आभार.

इथली जमीन कशी आहे ते सांगते, म्हणजे चित्र स्पष्ट होईल. कॅल्डर नदीचं खोरं खोल आणि अरुंद. तळाशी पूर्वी दलदल आणि झाडी, त्यामुळे जुनी वस्ती खाली नाहीच. उतार चढून वर गेलं की मध्ये एक सपाट पायरी लागते, तिच्यावर ओळीनं जुनी शेतघरं. त्याच्याही वर वाऱ्यानं झोडपलेला माळ. या घरांच्या वरच्या मजल्याला अगदी जवळजवळ बसवलेल्या खिडक्यांची सलग ओळ असते, मध्ये दगडाचे बारीक खांब. आमच्या शेजारच्या आजोबांनी सांगितलं की त्या हातमागासाठी. इथला प्रकाश मुळात कमी, आणि मागावर बसणाऱ्याला दिवसभर उजेड हवा.

मला वाटतं, माझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर या खिडक्यांत आहे. इथली जमीन इतकी भिकार की ओट सोडून फारसं काही पिकत नाही. नुसत्या शेतीवर घर चालणं शक्य नव्हतं. पण घरात माग होता, मेंढीची लोकर होती. 'कर्सी' नावाचं जाडंभरडं कापड विणायचं आणि हॅलिफॅक्सच्या बाजारात नेऊन विकायचं. थोडी जमीन आणि एक माग एवढ्यावर कुटुंब तगायचं, त्यामुळे धाकट्या मुलांनाही पोटासाठी दूर जावं लागत नसे. 1779 मध्ये या कापडासाठी हॅलिफॅक्सला 'पीस हॉल' उघडला, मधोमध मोठा चौक आणि भोवती 315 खोल्या. मी तिथे गेले की पहिल्यांदा त्या खोल्यांच्या दारांकडेच बघते. त्यातल्या कितीतरी दारांआड हीच सगळी रॉइडवाली मंडळी आपापले तागे घेऊन बसली असतील.

बॅटबॉल
अवांतर होईल, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. 1971 मध्ये ओव्हलवर आपण इंग्लंडला चार गडी राखून हरवलं आणि वाडेकरांच्या संघानं तिथली पहिली मालिका जिंकली. समोर कर्णधार कोण? रे इलिंगवर्थ. इलिंगवर्थ हे हॅलिफॅक्सजवळचंच गाव. हर्बर्ट सटक्लिफ घ्या, तेही आडनाव हॅलिफॅक्सच्या बाजूचं. यॉर्कशायरच्या संघात पूर्वी फक्त काउंटीत जन्मलेल्यांनाच घेत. त्यामुळे जुने धावफलक वाचायला घेतले की आडनावांचा नकाशाच उलगडतो.

पक्षीवेडी
यॉर्कशायर आणि आडनावं म्हटल्यावर आमच्या पुण्याच्या पक्षीनिरीक्षकांना सायक्स आठवणारच. विल्यम हेन्री सायक्स, ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी आणि यॉर्कशायरच्या सायक्स घराण्यातला. 1824 मध्ये मुंबई सरकारनं त्याला दख्खनची आकडेवारी गोळा करण्याच्या कामावर नेमलं. पिकं, माणसं, पाऊस नोंदता नोंदता त्यानं दख्खनच्या पक्ष्यांची यादीही केली; ती 1832 मध्ये छापली गेली. सासवड-मोरगावच्या माळावर डोक्यावर तुरा असलेला, पोटाकडे तांबूस झाक असलेला चंडोल दिसतो ना, त्याचं इंग्रजी नाव सायक्स लार्क. हा पक्षी फक्त भारतात आढळतो. आपल्या माळावरच्या पाखराला यॉर्कशायरचं आडनाव आहे, ही गोष्ट मला फार आवडते.

वंशवेल
पक्षीवेडी, तुमचं अवांतर थेट विषयावर आणणारं निघालं! आडनाव आणि वाय गुणसूत्र यांची सांगड घालणारा सुरुवातीचा गाजलेला अभ्यास सायक्स आडनावावरच झाला. ऑक्सफर्डचे ब्रायन सायक्स यांनी 2000 साली तो प्रसिद्ध केला. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जातं, इंग्लंडमध्ये आडनावही तसंच जातं, तेव्हा दोन्ही जुळतात का हे पाहायचं. 48 सायक्स पुरुषांचे नमुने तपासले, त्यातल्या 21 जणांचं वाय गुणसूत्र एकाच प्रकारचं निघालं. 'साइक' म्हणजे लहानसा ओढा. ओढे तर गावोगाव, तेव्हा या आडनावाची सुरुवात दहा ठिकाणी झाली असेल असं सगळे धरून चालले होते. म्हणून हा निकाल धक्कादायक ठरला.

सातबारा
48 पैकी 21. म्हणजे 27 जुळले नाहीत. माझीच बाजू भक्कम झाली की!

वंशवेल
27 न जुळण्याची कारणं बरीच असतात. दत्तक, सावत्र मुलानं लावलेलं नाव, आईचं आडनाव पुढे चालवणं, विवाहबाह्य संबंध. सातशे वर्षांत दर पिढीला थोडी थोडी भेसळ होत गेली तरी एवढी होते. पण या 27 जणांत मोठा असा दुसरा गट नव्हता, विखुरलेले वेगवेगळे प्रकार होते. दहा मूळ घरं असती तर दहा ठळक गट दिसायला हवे होते.

पुढे लेस्टर विद्यापीठात टुरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी 40 आडनावांच्या 1,678 पुरुषांवर काम केलं, 2009 मध्ये ते आलं. त्यात चित्र अगदी स्वच्छ आहे. स्मिथसारख्या सर्वसाधारण आडनावात साम्य जवळजवळ नाहीच, रस्त्यावरचे कोणतेही दोन पुरुष घ्यावेत तसं. आडनाव जितकं दुर्मीळ, तितकं साम्य जास्त. अ‍ॅटनबरो हे त्यातलं ठळक उदाहरण. तेही एका जागेवरून आलेलं, नॉटिंगहॅमजवळच्या अ‍ॅटनबरो गावाचं. बहुसंख्य अ‍ॅटनबरो पुरुष एकाच पूर्वजाकडे जातात. म्हणजे कधी कधी गावाच्या नावाचंही एकच घर उरतं.

मीनल_लीड्स
याच लेस्टरच्या मंडळींचं 2007 चं काम मला विसरता येत नाही. यॉर्कशायरमधलं एक दुर्मीळ आडनाव, त्याच्या 18 पुरुषांपैकी सात जणांत पश्चिम आफ्रिकेतलं, युरोपात जवळजवळ न आढळणारं वाय गुणसूत्र निघालं. दिसायला सगळे गोरे इंग्रज, घरात अशी कुठलीही आठवण नाही. कागदोपत्री त्यांच्या दोन शाखा 1788 आणि 1789 मध्ये यॉर्कशायरात जन्मलेल्या दोघांपर्यंत पोचतात, आणि दोघांचा समान पूर्वज त्याहून जुना. मी इथे परदेशी म्हणून राहते. 'आम्ही इथलेच' हे वाक्य ऐकलं की मला हे सात जण आठवतात. ते इथलेच आहेत, पूर्णपणे. आणि कुणीतरी पूर्वज लांबून आला होता, हेही तितकंच खरं.

अवलिया
+१ मीनल.

दुर्मीळ आडनावं उरतात कशी, यावर थोडं गणित. फ्रान्सिस गाल्टननं 1873 मध्ये प्रश्न टाकला होता : प्रत्येक पुरुषाला शून्य, एक, दोन, तीन असे मुलगे होण्याची काही शक्यता धरली, तर काही पिढ्यांनी किती आडनावं नामशेष होतील? वॉटसन नावाच्या पाद्र्यानं उत्तर काढलं, आणि 1874 मध्ये दोघांचा निबंध आला. आज ही पद्धत अणुभट्टीतल्या साखळी प्रक्रियेलाही लावतात. सार असं की लोकसंख्या फारशी वाढत नसेल तर बहुतेक आडनावं नुसत्या योगायोगानं संपतात. एका पिढीत सगळ्या मुलीच झाल्या, की झालं. मर्गट्रॉइड टिकलं याचा अर्थ त्या घरात पहिल्या काही पिढ्यांत मुलगे भरपूर झाले आणि जगले. पुढचं अवघड नसतं.

तिरफळ
अणुभट्टीपर्यंत गेलात! मुरगूडकर राहिले बाजूलाच.

मीनल_लीड्स
मर्गट्रॉइड मंडळींचं ऐश्वर्य बघायचं असेल तर कीथलीजवळच्या ईस्ट रिडल्सडन हॉलला जा. जेम्स मर्गट्रॉइड हा हॅलिफॅक्सकडचा कापडाचा बडा व्यापारी. 1640 च्या दशकात त्यानं हा वाडा बांधून काढला. आज तो नॅशनल ट्रस्टकडे आहे. तिथले मार्गदर्शक एक दंतकथा रंगवून सांगतात : या घराण्याचे चाळे इतके वाह्यात होते की शेजारून वाहणाऱ्या एअर नदीनं लाजेनं आपलं पात्रच बदललं. कॅल्डरकाठी म्हणतात तसा माग आणि थोडी जमीन यावर सुरू झालेला प्रवास दोनशे-अडीचशे वर्षांत वाड्यापर्यंत पोचला. एका दुर्मीळ आडनावात गरीब विणकर आणि मातलेले सावकार दोन्ही आहेत.

नाट्यवेडा
रंगभूमीवरही हे आडनाव गाजलंय. 1887 मध्ये लंडनला गिल्बर्ट आणि सलिव्हन यांची 'रडिगोर' ही संगीतिका आली. त्यातल्या शापित सरदार घराण्याचं आडनाव मर्गट्रॉइड, आणि कथानक घडतं कॉर्नवॉलमध्ये! म्हणजे इंग्लंडच्या पार दुसऱ्या टोकाला. लंडनच्या प्रेक्षकांना नाव भारदस्त आणि मजेशीर वाटलं, एवढं पुरलं. यॉर्कशायरचं कुणी प्रेक्षागृहात असेल तर त्याला मात्र ते नक्की खटकलं असणार.

कुडाळी
चर्चा सुंदर चालू आहे. आमच्या सिंधुदुर्गातली एक गंमत सांगतो. तुमच्या हॅलिफॅक्ससारख्याच आमच्याकडेही सुट्या वस्त्या, म्हणजे वाड्या. पण आमच्याकडे नाव उलट दिशेनं जातं. माणसांवरून जागा ओळखतात : परबवाडी, गावडेवाडी, आणि सगळ्यांत मोठी सावंतवाडी. तिथे जागेनं माणसाला नाव दिलं, इथे माणसानं जागेला. डोंगर-वस्ती तीच, तरी असा फरक का पडला असावा?

सातबारा
कुडाळी, कारण आपल्याकडे वाडी वसवणाऱ्याला कुळाचं नाव आधीपासून होतं असं मला वाटतं. चौदाव्या शतकातल्या त्या जॉनकडे 'जॉन' सोडून काहीच नव्हतं. ज्याच्याकडे नाव आहे तो जागेला देतो, ज्याच्याकडे नाही तो जागेकडून घेतो. आणि हे लिहिता लिहिता मला वंशवेल यांचं म्हणणं जास्त पटायला लागलंय. एका शेतवस्तीवरचं नाव, त्यात प्लेग, त्यात पोटापाण्यासाठी हलावं न लागणं. '-कर'चा नियम तिथे लावून चालणार नाही. तरीही 'एकच घर' हे प्रत्येक आडनावासाठी वेगळं सिद्ध करावं लागेल, यावर मी ठाम आहे.

गोदाकाठ
मला व्यावहारिक प्रश्न आहे. एखादं इंग्रजी आडनाव मूळ कुठलं हे शोधायचं तर सुरुवात कुठून करायची? माझ्या कंपनीतल्या एका सहकाऱ्याचं आडनाव सुंदरलंड आहे. नकाशात बघितलं, ईशान्येला समुद्रकाठी मोठं शहर आहे. म्हणजे तो तिथला, बरोबर?

वंशवेल
थांबा! नकाशात नाव सापडलं की शोध संपला, असं समजू नका. यॉर्कशायरमधल्या बहुतेक सुंदरलंडांचं मूळ त्या शहरात नाही, हॅलिफॅक्सजवळच्या हाय सुंदरलंड नावाच्या जागेत आहे.

सुरुवात अलीकडून करा आणि मागे जा. 1881 ची जनगणना पूर्ण उतरवून काढलेली आहे, तिच्यावरून आडनावांचे नकाशे होतात. रेल्वे आणि गिरण्यांनी माणसं हलवली होती, तरीही त्या नकाशात दुर्मीळ नावांची मुळं स्पष्ट दिसतात. मर्गट्रॉइडचा गडद ठिपका वेस्ट रायडिंगवर, म्हणजे यॉर्कशायरच्या पश्चिम भागावर, पडतो आणि त्याची कड डोंगर ओलांडून लँकेशायरच्या गिरण्यांकडे जाते. मग 1837 पासूनच्या सरकारी जन्म-मृत्यू-विवाह नोंदी. त्यामागे चर्चची दप्तरं, ती 1538 पासून ठेवायचा हुकूम होता, पण सगळीकडे उरलेली नाहीत. सर्वांत मागे 1379 ची डोईपट्टीची यादी; यॉर्कशायरची सुदैवानं चांगली टिकली आहे. 1881 चा ठिपका आणि 1379 ची नोंद एकमेकांपासून दहा-पंधरा मैलांत आली, तर मूळ बहुधा सापडलं समजा.

हेन्री गपी नावाच्या माणसानं 1890 मध्ये याचा पहिला पद्धतशीर प्रयत्न केला. त्यानं व्यापारी निर्देशिकांमधून फक्त शेतकऱ्यांची आडनावं उचलली, कारण शेतकरी सगळ्यांत कमी हलतो. संगणक नसताना केवढी नेमकी युक्ती! आणि 2016 मध्ये ऑक्सफर्डचा ब्रिटन-आयर्लंडच्या कुळनावांचा कोश आला, 45,000 हून जास्त आडनावं. चार जाड खंड आहेत, मोठ्या वाचनालयात मिळतील.

गोदाकाठ
अत्यंत उपयुक्त. सहकाऱ्याला आजच विचारते, आजोबा कुठले ते.

कॅल्डरकाठी
कुडाळी, तुमच्या प्रश्नावरून एक सांगायचं राहिलं. माणसावरून जागा इथेही आहे, फक्त फार उशिरा. वंशवेल यांनी वर अ‍ॅक्रॉइड लिहिलंय. ओक तोडून केलेली जमीन असा त्याचा अर्थ, आणि तेही याच खोऱ्यातलं. त्या आडनावाचा एडवर्ड अ‍ॅक्रॉइड हा हॅलिफॅक्सचा मोठा गिरणीमालक. 1860 च्या सुमारास त्यानं कामगारांसाठी दगडी घरांची नमुनेदार वसाहत वसवायला घेतली. तिचं नाव अ‍ॅक्रॉइडन. मी आठवड्याची भाजी त्याच बाजूला आणते.

कुडाळी
म्हणजे अ‍ॅक्रॉइडवाडी!

कॅल्डरकाठी
अगदी तेच. पुढच्या रविवारी फोटो काढून इथे टाकते. वॉर्लीलाही जाणार आहे, माळाकडे चढणारी जुनी वाट चालून बघायची आहे. कुणी लीड्स-ब्रॅडफर्डकडचं येणार असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

मीनल_लीड्स
मी येते. व्यनि केलाय.